आठवा गडी

बेसबॉल हा आपल्या मुलखाचा खेळ नव्हे. तरीही त्या खेळाच्या चाहत्यांमध्ये अधूनमधून निघणारा एक प्रश्न आपण विचारात घ्यावा असा आहे. बेसबॉलमध्ये नऊ क्षेत्ररक्षक असतात. दहावा दिला तर डावपेच कसे बदलतील? प्रश्न वरवर अंकगणिताचा वाटतो. नऊ जण जेवढी जागा राखतात तेवढीच दहा जणांनी राखली की मोकळ्या फटी कमी होतील, धावा कमी होतील आणि खेळ गोलंदाजाच्या बाजूने झुकेल, असे उत्तर कोणीही चटकन देईल. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धवट आहे, आणि ते अर्धवट का आहे हे समजून घेतले तर आपल्या स्वतःच्या एका खेळाविषयी, म्हणजे कबड्डीविषयी, काही नवे कळते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तो खेळ आज ज्या अडचणीत आहे तिच्याविषयीही काही सुचते. या लेखाचा खरा विषय तो आहे.

प्रथम बेसबॉलचे पाहू. ही कल्पना नवी नाही. मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटवर वाढलेला आणि पुढे अमेरिकेत बेसबॉलचा आद्य भाष्यकार ठरलेला हेन्री चॅडविक याने १८७४च्या सुमारास दहा गडी आणि दहा डाव यांचा आग्रह धरला होता. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधली उजवी बाजू उघडी राहते, तिथे एक माणूस हवा, असे त्याचे म्हणणे. ते मान्य झाले नाही. पण त्याच खेळाचे एक भावंड, सावकाश चेंडू टाकून खेळायचे सॉफ्टबॉल, दहा क्षेत्ररक्षकांनिशीच खेळले जाते. तिथे चेंडू अलगद येतो, फलंदाजाला तो मारणे सोपे जाते, आणि म्हणून एक माणूस जास्त लागतो. दहावा गडी तिथे कोणावर उपकार म्हणून आलेला नाही. एका बाजूचे ओझे हलके केले तेव्हा दुसऱ्या पारड्यात टाकलेले ते वजन आहे.

आता नेहमीच्या बेसबॉलमध्ये दहावा माणूस आला असे समजा. जमिनीलगत मारलेला चेंडू अडेल, मधल्या फटीत पडणारा चेंडू झेलला जाईल. मग फलंदाज काय करील? तो फटी शोधणे सोडून देईल आणि चेंडू सर्वांच्या डोक्यावरून कुंपणापार धाडण्याच्या मागे लागेल. कुंपणापलीकडे क्षेत्ररक्षक नऊ काय नि नव्वद काय, सारखेच. म्हणजे धावा कमी करण्यासाठी आणलेला माणूस फलंदाजाची महत्त्वाकांक्षा बदलून टाकतो. फटके उंच होतात, त्यापायी बाद होणेही वाढते, आणि मधल्या पल्ल्याचा चतुर खेळ आटतो. हे केवळ तर्काने म्हणत नाही. गेल्या दशकात अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी एकही माणूस न वाढवता, फलंदाजाच्या सवयी मोजून, तीन-तीन क्षेत्ररक्षक एकाच बाजूला उभे करायला सुरुवात केली. माणसे तेवढीच, पण जिथे चेंडू येणार तिथे एक जास्त. फलंदाजांनी उत्तर म्हणून चेंडू वर उचलण्याचे तंत्र घोटले. अखेर २०२३ साली नियम करावा लागला की दुसऱ्या बेसच्या दोन्ही अंगांना दोन-दोनच आतले क्षेत्ररक्षक उभे राहतील. संख्या तीच ठेवूनही माणूस ‘वाढवता’ येतो, आणि तसा वाढवला की नियमाला धाव घ्यावी लागते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

क्रिकेटने तर अधिक माणसांचा प्रयोग उघड उघड केला आहे. एकोणिसाव्या शतकात बलाढ्य संघाशी दुबळ्या संघाचा सामना ठेवताना दुबळ्यांना अधिक गडी देण्याची रीत होती. अकराविरुद्ध अठरा, अकराविरुद्ध बावीस. १ जानेवारी १८६२ रोजी मेलबर्नमध्ये इंग्लंडहून आलेल्या अकरा जणांसमोर अठरा जण उभे ठाकले आणि तरीही इंग्रज डावाने जिंकले. अधिक माणसे दिली म्हणजे कौशल्याची उणीव भरून निघतेच असे नाही. पुढे १८७७ साली अकरा विरुद्ध अकरा असा सामना झाला, त्यालाच आज आपण पहिली कसोटी म्हणतो. इतिहासाने मोजणी सुरू केली ती संख्या समान झाल्यापासून.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सारे परके वाटू नये. मंदाक्रान्तेच्या चरणात सतरा अक्षरे असतात आणि यती चार, सहा, सात अशा पडतात. तिच्यात अठरावे अक्षर घातले तर ती अधिक लांब मंदाक्रान्ता होत नाही. ती मोडते, किंवा दुसरेच काही होते. सुनीताच्या चौदा ओळी आणि अनिलांच्या दशपदीच्या दहा ओळी यांतला फरक चार ओळींचा नाही. सुनीतात कलाटणीला जागा असते, विचार एकदा मांडून पुन्हा वळवता येतो. दशपदीत तेवढी ऐसपैस जागा नसल्याने भावना वेगळ्या चालीने चालते. कवीने कोणता विचार करायचा हे काही अंशी ओळींची संख्या ठरवते. खेळाडूने कोणते धाडस करायचे हेही काही अंशी समोरच्या माणसांची संख्या ठरवते. संख्या हा रूपाचा भाग आहे, बाहेरून चढवलेला अंगरखा नव्हे.

इथपर्यंत आलो की कबड्डीकडे वळणे भाग पडते. ‘माणूस वाढला किंवा घटला तर काय होते’ या प्रश्नाचे उत्तर इतर खेळांना कल्पनेने शोधावे लागते. कबड्डी ते प्रत्येक सामन्यात, दर मिनिटाला, प्रत्यक्ष करून दाखवते. इथे सात गडी अंगणात उतरतात खरे, पण सामना पुढे सरकतो तसे ते सहा होतात, चार होतात, पुन्हा पाच होतात, कधी एकटाच उरतो. समोरून येणारा चढाईपटू मात्र नेहमी एकच. जगातल्या फार थोड्या खेळांत क्षेत्ररक्षकांची संख्या हीच अशी चल राशी असते.

आणि या खेळाचे नियम त्या राशीकडे डोळे लावून बसलेले आहेत. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच चढाईपटूला बोनस रेषेचा गुण मिळतो. पाच झाले की ती रेषा असून नसल्यासारखी. उलट, बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले तर तिला अव्वल पकड म्हणतात आणि तिचा एक गुण जास्त मिळतो. याचा अर्थ असा की बचाव भरगच्च असेल तेव्हा नियम चढाईपटूला हात देतो आणि बचाव विरळ झाला की तोच नियम बचावाच्या मागे उभा राहतो. चार आणि पाच गडी असताना नियम कोणाचीच बाजू घेत नाही. हा तराजू ज्यांनी जुळवला त्यांनी खेळाचे सौंदर्यशास्त्र जाणले होते असे म्हणायला हरकत नाही. सगळ्यांना सदासर्वकाळ एकच नियम लावण्यापेक्षा परिस्थितीकडे पाहून बोलणारा नियम वरच्या दर्जाचा असतो. यातून डावपेचही कसे जन्मतात पाहा. पिछाडीवर पडलेला संघ कधी मुद्दाम रिकामी चढाई करून परततो, आपले तीनच गडी अंगणात राहू देतो आणि अव्वल पकडीची वाट पाहतो. दुबळेपणाच तिथे सापळा होतो.

मग सात गड्यांऐवजी आठ उतरवले तर? हिशेब करू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंचे एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र झटापट सुरू झाल्याशिवाय खेळात येत नाही. म्हणजे एका अंगणात प्रत्यक्ष वापरायची जागा साडेसहा गुणिले आठ, ५२ चौरस मीटर. सात जणांत वाटली तर प्रत्येकी सुमारे ७.४ चौरस मीटर येते. आठ जणांत वाटली तर साडेसहा. चढाईपटूला वावरायला एक अष्टमांश जागा कमी. बेसबॉलच्या न्यायाने बचाव तेवढा बळकट व्हायला हवा.

पण कबड्डीत तसे होत नाही, कारण इथला क्षेत्ररक्षक आणि बेसबॉलचा क्षेत्ररक्षक यांत मूलभूत भेद आहे. बेसबॉलमधला क्षेत्ररक्षक फक्त अडवतो. तो स्वतः बाद होत नाही. चेंडू त्याच्या हातून निसटला तर धाव जाते, माणूस जात नाही. कबड्डीतला बचावपटू भिंत असतो आणि त्याच वेळी पणाला लावलेला डावही असतो. चढाईपटूचा हात लागला आणि तो मध्यरेषा गाठून गेला की हा गडी बाद. म्हणून आठवा गडी ही जशी आठवी वीट, तसेच आठवे लक्ष्य. दाटीत मागे सरकायला जागा नसते. कोपरारक्षक झेपावला तर त्याच्याच मध्यरक्षकाच्या पायात अडकतो. पकडीत जेवढे अधिक हात गुंतले आणि चढाईपटू त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत पोचला, तेवढे अधिक गडी एकदम जातात. भर घातल्याने बळही वाढते आणि जोखीमही वाढते. कोणते जास्त वाढेल हे खेळाडूंच्या कसबावर अवलंबून, संख्येवर नव्हे.

आणखीही एक परिणाम होईल, तो कमी दिसणारा आहे. सात ही विषम संख्या आहे. दोन कोपरे, त्यांना लागून असलेली जोडी, मग मध्यरक्षकांची जोडी आणि एकटा मधला: तीन जोड्या आणि एक मोकळा माणूस. साखळीची रचना जोड्यांनी होते, पण डाव फिरवतो तो बहुधा मोकळा गडी. कारण तो डावीकडच्या पकडीतही जाऊ शकतो आणि उजवीकडच्याही. आठ झाले की चार जोड्या पुऱ्या होतात आणि मोकळा कोणी उरत नाही. बांधणी सुबक होईल, पण तिच्यातली लवचीकता जाईल. शिवाय लोण चढवायला सातऐवजी आठ गडी बाद करावे लागतील आणि त्याचे गुण मात्र दोनच. खेळातला सर्वांत मोठा धक्का दूर जाईल. चढाईपटूही ३० सेकंद निदानरेषेच्या आसपास रेंगाळून परतण्यात शहाणपण मानतील. रिकाम्या चढायांना आवर घालण्यासाठी व्यावसायिक कबड्डीने तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे असा नियम केला. आठव्या गड्यानंतर तो नियम तिसऱ्याऐवजी दुसऱ्या चढाईवर आणावा लागेल. एक माणूस आणला की त्याच्या मागोमाग चार नियम आणावे लागतात.

ज्याला ही दाटी कल्पनेत नव्हे तर डोळ्यांनी पाहायची असेल त्याने महिलांचे सामने लक्षपूर्वक पाहावेत. त्यांचे मैदान १२ गुणिले ८ मीटर. राखीव क्षेत्र वगळले की एका अंगणात ६ गुणिले ६, म्हणजे ३६ चौरस मीटर. गडी तेवढेच सात. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ५.१ चौरस मीटर. हीच दाटी पुरुषांच्या अंगणात करायची तर तिथे दहा गडी उभे करावे लागतील! उंचीचा आणि हातापायांच्या पल्ल्याचा फरक धरूनही हे अंतर लहान नाही. महिलांच्या कबड्डीला संथ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला आहे काय? त्यांची चढाई अधिक दाट बचावातून वाट काढते. तिथे गुण मिळवायला वेगळी नजर आणि वेगळा धीर लागतो, आणि हे वेगळेपण खेळाडूंच्या वकुबाचे नसून मैदानाच्या मापाचे असू शकते. ‘अतिरिक्त क्षेत्ररक्षक’ आपल्याकडे कधीच येऊन उभा आहे, फक्त आपण त्याला मोजलेले नाही.

नियम बदलला की संख्येचा अर्थ कसा बदलतो याचे आणखी एक उदाहरण पंजाबात आहे. तिथल्या वर्तुळाकार कबड्डीत चढाईपटूसमोर चार अडवणारे असतात. पण चढाईपटू एकाशी भिडला की बाकीच्यांनी हात लावायचा नाही. तिथे पाचवा अडवणारा आणला तरी झटापटीत काडीचा फरक पडणार नाही, कारण झुंज एकास एक आहे. आपल्या कबड्डीत मात्र एकाशी सगळे भिडू शकतात. म्हणूनच इथे संख्या हाच कळीचा मुद्दा होतो.

खो-खोचेही या संदर्भात पाहिले पाहिजे, कारण तिथे बदल प्रत्यक्ष झाला आहे. परंपरेने नऊ आक्रमक, आठ चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पाठलाग करणारा. २०२२ साली पुण्यात सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने ही संख्या सातवर आणली, मैदान आखूड केले आणि वजीर नावाचा एक आक्रमक निर्माण केला. त्याला कोणत्याही दिशेला धावण्याची मुभा. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धाही सात-सात खेळाडूंची होती, आणि तिथे भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, दोघांच्या नेतृत्वस्थानी महाराष्ट्राचेच खेळाडू होते. त्यांचे कौतुक निःसंशय. पण रूपाच्या दृष्टीने पाहिले तर खो-खोचे वृत्त दिशेच्या बंधनावर उभे आहे. आक्रमकाने एकदा घेतलेली दिशा सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मुभा. या विषमतेतूनच खो देण्याची गरज निर्माण होते, कारण मला वळता येत नाही म्हणून मी वळलेल्याला उठवतो. वजीर हा त्या बंधनातून सूट मिळालेला माणूस. गडी कमी केल्याची भरपाई बंधन सैल करून केली आहे. प्रेक्षकाला ते नेत्रसुखद वाटेल, पण खेळाच्या मुळाशी असलेला परस्परावलंबनाचा विचार त्याने पातळ होतो, असे आमचे मत आहे. कबड्डीचा तराजू संख्येला संख्येच्या भाषेत उत्तर देतो. वजीर संख्येला अपवादाच्या भाषेत उत्तर देतो. अपवादाने चाललेले रूप फार काळ टिकत नाही. एका वजिराने भागले नाही की दुसरा वजीर येतो.

आता महाड-पोलादपूरकडे येऊ. इथे आठवा गडी ही चैनीची कल्पना आहे, कारण आपल्यापुढचा प्रश्न सातवा गडी कुठून आणायचा हा आहे. सावित्रीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत, वरंध, विन्हेरे, कापडे, उमरठ या अंगाला पसरलेल्या वाड्यांतून कामासाठी मुंबईची वाट धरण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची. गावाचे एक मंडळ गावात आणि दुसरे मुंबईत, ही इथली सर्वसाधारण रचना. भात निघाले की खाचर चोपून अंगण तयार करायचे, ग्रामदैवताच्या नावाचा संघ उतरवायचा, शिमग्याला चाकरमानी आले की स्पर्धा रंगवायची. हा क्रम अजून मोडलेला नाही. पण शिमग्याचे चार दिवस सोडले तर वाडीत ऐन उमेदीचे सात तरुण एका संध्याकाळी मैदानावर भेटतील याची खात्री उरलेली नाही. कमी पटाची शाळा हा शब्दप्रयोग आपल्याकडे आता इतका रुळला आहे की त्याचे काही वाटेनासे झाले आहे. ज्या शाळेत सगळ्या वर्गांच्या मिळून मुली मोजक्या, तिथे मुलींचा सातांचा संघ आणि राखीव खेळाडू कोठून उभे राहणार?

यावर सध्या दोन उपाय चालतात. पहिला, बाहेरचे खेळाडू आणणे. बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या तालुक्यातले गाजलेले चढाईपटू एका रात्रीपुरते गावच्या गणवेशात दिसतात. सामना उंचावतो, गर्दी जमते, पण गावचा चौथा-पाचवा गडी, जो दोन वर्षांत तयार झाला असता, तो दोरीबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. दुसरा उपाय त्याहून साधा: स्पर्धाच न भरवणे. यांपैकी कोणत्याही उपायाने खेळ गावात राहत नाही.

आमचा प्रस्ताव तिसरा आहे. गावपातळीवरील स्पर्धांत आणि लहान शाळांत पाच गड्यांची कबड्डी अधिकृतपणे खेळवावी. मात्र नुसते दोन गडी वजा करून भागणार नाही. संख्या बदलली की तिच्याशी बांधलेले सारे काही त्याच प्रमाणात बदलले पाहिजे. वर केलेला हिशेब इथे उपयोगी पडतो. पुरुषांच्या पूर्ण अंगणात प्रत्येकी ७.४ चौरस मीटर जागा असते. पाच पुरुष महिलांच्या अंगणात, म्हणजे ३६ चौरस मीटरमध्ये, खेळवले तर प्रत्येकी ७.२ येते. जवळपास तेच प्रमाण! म्हणजे नवे मैदान शोधायला नको, नव्या रेषा आखायला नकोत. महिलांच्या मैदानाची आखणी सगळ्यांना ठाऊक आहे: मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदानरेषा, चार मीटरवर बोनस रेषा. मुलींच्या पाचांच्या सामन्यासाठी अंगणाची खोली तीच ठेवून रुंदी सव्वाचार मीटरच्या आसपास आणली की त्यांचेही प्रमाण राखले जाते. बोनस गुण समोर चार किंवा पाच गडी असताना, अव्वल पकड दोन किंवा एक गडी उरले असताना, आणि मधला तीन गड्यांचा टप्पा तटस्थ, असा तराजू नव्याने लावावा. पाच ही विषम संख्या असल्याने दोन जोड्या आणि एक मोकळा गडी ही बांधणीही शाबूत राहते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की सात ही परंपरा आहे. परंपरेचा मान ठेवूनच सांगायला हवे की कबड्डीचा इतिहास एकरूप नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर हे तिचे तीन प्रकार एकाच देशात नांदले. बाद गडी परत उठतो की नाही, किंवा बाद होऊनही अंगणातच राहतो, इतक्या मुळाशी जाणारे भेद त्यांत होते. १९३६ साली बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, १९९० साली कबड्डी आशियाई खेळांत पोचली, २०१४पासून दूरचित्रवाणीवर स्थिरावली. या प्रत्येक टप्प्यावर नियम घोटले गेले. समुद्रकिनाऱ्यावरची कबड्डी तर चार गड्यांनी खेळतात आणि तिलाही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्थान मिळालेले आहे. वाळूसाठी चार चालतात, तर डोंगरवाडीसाठी पाच का चालू नयेत?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाच गड्यांवर वाढलेल्या मुलाला सात गड्यांची साखळी कळणार नाही. मध्यरक्षकांच्या दुसऱ्या जोडीने कोपऱ्याच्या पकडीला कसे धावून जायचे, हे कसब पाचांत शिकता येत नाही. लहान मैदानावर लांब पल्ल्याच्या चढाईचा सरावही होत नाही. हे नुकसान खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. म्हणून तालुका आणि जिल्हा स्तरावर सात गडीच असावेत, आणि दोन-तीन वाड्यांच्या पाच-पाच गड्यांतून निवडलेला सातांचा संघ तिथे जावा. मुक्तक लिहून हात बसलेला कवी पुढे दीर्घकाव्याकडे वळू शकतो. ज्याने कधी लिहिलेच नाही तो कुठेच वळत नाही. पाच गड्यांनी खेळलेल्या मुलाला सात शिकवता येतात. कधीच न खेळलेल्याला काहीच शिकवता येत नाही.

नियम कोणासाठी बदलायचे, हा या चर्चेचा गाभा आहे. आजवरचे बहुतेक बदल पाहणाऱ्याच्या सोयीने झाले. वेळ आटोपशीर हवा, क्षण नाट्यमय हवेत, कॅमेऱ्यात मावावे. हे सर्व वाईट आहे असे नाही, तिसऱ्या चढाईच्या नियमाने खेळाला गती दिलीच. पण ज्याला खेळायचे आहे आणि खेळायला माणसे पुरत नाहीत, त्याच्या सोयीने एखादा नियम बदलावा असा विचार क्वचितच होतो. साहित्यातही रूपे बदलली ती बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या गरजेतून. ओवी जात्यावर बसली कारण दळणाऱ्या हाताला ती लय हवी होती. श्रोत्यांची संख्या वाढावी म्हणून ती जात्यावर गेली नव्हती.

बेसबॉलमध्ये दहावा गडी कधी येईल न येईल. त्याची चर्चा करणाऱ्यांचे आपण आभार मानू, कारण माणूस वाढवणे म्हणजे केवळ बेरीज नव्हे हे त्या चर्चेने ध्यानात आणून दिले. माणूस कमी करणेही केवळ वजाबाकी नव्हे, हे आपल्याला आपल्या अंगणात सिद्ध करता येईल. येत्या शिमग्याला दोन्ही तालुक्यांतल्या एखाद्या मंडळाने मुख्य स्पर्धेच्या आदल्या रात्री पाच गड्यांचे सामने ठेवावेत. अट एवढीच: पाचही गडी त्याच वाडीचे असावेत. किती वाड्यांची नावे येतात ते पाहू, आणि मग सातांचा विचार करू.